व्हिएन्नाची दुसरी बाजू: राजवाडे पाहून झाल्यावर काय?

पाऊलवाट

व्हिएन्नाला येणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. शॉनब्रुन राजवाडा, स्टेफान्सडोम हे मोठं चर्च, संध्याकाळी मोझार्टची मैफल, झाखर टोर्टं हा चॉकलेटचा केक, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्राग किंवा बुडापेस्टची गाडी. त्यात वाईट काहीच नाही. पण मी इथे राहते, आणि पाहुणे असे घाईने निघाले की मनापासून हळहळ वाटते. या गावाचा खरा स्वभाव राजवाड्यात दिसत नाही. तो दिसतो तळघरांत, दफनभूमींत, जुन्या इस्पितळांच्या आवारात. व्हिएन्नाला काही टाकून देणं जमत नाही. कोकणातल्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या काठीपासून मोडक्या पाळण्यापर्यंत सगळं सापडतं, तसं हे शहर आहे. म्हणून हा धागा. तुम्ही पाहिलेल्या आडबाजूच्या जागाही इथे लिहा.

सुरुवात इथल्या जुन्या राजघराण्यातल्या हाब्सबुर्गांपासूनच करते, पण मेलेल्या. या घराण्यात पद्धत अशी होती की माणूस गेला की त्याचं शरीर एका जागी, हृदय दुसऱ्या जागी आणि आतडी तिसऱ्या जागी ठेवायची. शरीर कापुत्सिनर चर्चच्या तळघरात, हृदय चांदीच्या कुपीतून आउगुस्टिनर चर्चमध्ये, आणि आतडी तांब्याच्या भांड्यात घालून स्टेफान्सडोमच्या खाली. तिन्ही जागा एकमेकींपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत. आउगुस्टिनरमध्ये अशी ५४ हृदयं फळीवर ओळीने मांडलेली आहेत. ती दालनं एरवी बंद असतात. रविवारच्या मोठ्या प्रार्थनेनंतर दाखवतात. हे सगळं फार जुनं असेल असं वाटतं, पण शेवटच्या सम्राटाचा मुलगा ओटो २०११ साली वारला तेव्हा त्याचं शरीर इथल्या तळघरात आलं आणि हृदय हंगेरीतल्या पान्नोनहाल्माच्या मठात गेलं.

एकच जागा पाहायची तर ते कापुत्सिनरचं तळघर पाहा. महाराणी मारिया तेरेझा आणि तिचा नवरा फ्रान्झ यांची एकत्र शवपेटी एखाद्या खोलीएवढी आहे. झाकणावर दोघं कोपरावर रेलून उठून बसलेली, एकमेकांच्या डोळ्यांत बघणारी. मागे तुतारी घेतलेला देवदूत. कयामतीच्या दिवशी जाग आल्यावर पहिली नजर एकमेकांवर पडावी, ही कल्पना. हे काम बाल्थाझार मोल या शिल्पकाराने ती दोघं जिवंत असतानाच, १७५४ साली केलं. फ्रान्झ १७६५ साली गेला, ती पुढे पंधरा वर्षं जगली. आणि या सगळ्या डामडौलाच्या पायाशी एक साधी तांब्याची पेटी ठेवलेली आहे. नक्षी नाही, मुकुट नाही. ती त्यांच्या मुलाची, सम्राट योझेफ दुसरा याची. त्या दोन पेट्यांच्या मधे उभं राहिलं की आई आणि मुलगा यांच्यात काय अंतर होतं ते कुणी सांगावं लागत नाही.

हा योझेफ लक्षात ठेवा, कारण व्हिएन्नातल्या निम्म्या विचित्र गोष्टी त्याच्यापाशी येऊन थांबतात. त्याला प्रत्येक बाबतीत काटकसर आणि सुधारणा हवी होती. १७८४ साली त्याने फर्मान काढलं की मृतदेह नुसता कापडी पिशवीत घालून पुरावा, आणि शवपेटी पुन्हा पुन्हा वापरावी. त्यासाठी पेटीच्या तळाला झडप असलेली रचना केली: पेटी खड्ड्यावर आणायची, खटका ओढायचा, देह खाली. लाकूड वाचलं. व्हिएन्नाकरांना थाटामाटाच्या अंत्ययात्रेचं भारी वेड. इतका संताप उसळला की थोड्याच महिन्यांत फर्मान मागे घ्यावं लागलं. ती झडपेची पेटी आजही बघायला मिळते, मुख्य दफनभूमीतल्या अंत्यविधी संग्रहालयात. तिथेच जिवंत पुरलं जाण्याच्या भीतीपोटी मृताच्या हाताला दोरी बांधून वाजवायची घंटा आहे. खात्री व्हावी म्हणून हृदयात खुपसायचा सुराही आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला ही भीती किती खरी वाटत होती, ते त्या सुऱ्याची मूठ पाहून कळतं. ती नीट घडवलेली आहे, हातात धरायला सोयीची.

त्याच वर्षी, १७८४ मध्ये, योझेफने नारेनटुर्म बांधला. मनोरुग्णांसाठी खास उभारलेल्या युरोपातल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी एक. पाच मजली गोल बुरूज, प्रत्येक मजल्यावर कडेने अठ्ठावीस खोल्या, आणि खिडक्या म्हणजे नुसत्या उभ्या फटी. गावकऱ्यांनी त्याचं नाव एका गोल केकवरून ‘गुगलहुप्फ’ ठेवलं. १८६९ पर्यंत तिथे रुग्ण होते. आता रोगनिदानशास्त्राचा संग्रह आहे: मुडदूस झालेल्या मुलांचे सांगाडे, देवीच्या फोडांचे मेणाचे साचे, क्षयाने पोखरलेले मणके. लसी आणि प्रतिजैविकं नव्हती तेव्हा माणसाच्या देहाचं काय होत असे, ते इथे समोर दिसतं. लहान मुलांना नेऊ नका. कच्च्या मनाच्या मोठ्यांनीही विचार करूनच जावं. आणि हो, ते रोज उघडं नसतं, दिवस बघून जा.

तिथून चालत थोड्याच अंतरावर योझेफिनुम आहे. लष्करी शल्यवैद्यांना शिकवायला योझेफने फ्लॉरेन्सच्या कारागिरांकडून मेणाची शरीरं करून घेतली, एकूण १,१९२ नमुने, आणि ती खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून आणवली. त्यांतली एक बाई काचेच्या पेटीत पहुडली आहे. मोकळे खरे केस, गळ्यात मोत्यांचा सर, चेहरा शांत, आणि छातीपासून ओटीपोटापर्यंत शरीर उघडं, आतले अवयव एकेक करून काढता येतील असे. मोत्यांचा सर का घातला असेल, हा प्रश्न मी तिथून बरोबर घेऊन आले.

बाकीचं प्रतिसादांतून लिहीन. तुमचं येऊ द्या.

निळी शाई

लेखन छान, पण मतभेद नोंदवते. आपण आयुष्यभर पैसे साठवून एकदा युरोपला जातो. तिथे जाऊन हाडं आणि आतडी बघायची? माझ्या सासूबाईंना घेऊन मी नारेनटुर्मला जाऊ शकेन असं वाटत नाही. शॉनब्रुन प्रसिद्ध आहे ते उगाच नाही.

पाऊलवाट

निळी शाई, शॉनब्रुन टाळा असं मी कुणालाच म्हणणार नाही. सासूबाई बरोबर असतील तर कापुत्सिनरचं तळघर मात्र जरूर दाखवा. तिथे हाडं दिसत नाहीत, शिल्पं दिसतात. आणि एक गोष्ट त्यांना आवडेल. संपूर्ण तळघरात राजघराण्याबाहेरची एकच व्यक्ती आहे, मारिया तेरेझाला लहानपणी सांभाळणारी काउंटेस फुक्स. महाराणीने आपल्या दाईला आपल्याच घरच्यांत जागा दिली. सासूबाई तिथून पटकन निघणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

सगळंच मरणाचं नाही हो. स्टेफान्सडोमला सगळे जातात, पण मुख्य दाराच्या डावीकडे भिंतीत बसवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या कुणी बघत नाही. एक साधारण ९० सेंमी, दुसरी ७८. कापडाच्या मापाच्या ठरलेल्या लांब्या आहेत त्या. दुकानदाराने कमी कापड दिलं असं वाटलं की गिऱ्हाईक इथे येऊन मापून बघायचं. देवळाच्या दारात वजनमापांची तपासणी! चौक ओलांडला की समोरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर काचेआड एका झाडाचा बुंधा आहे, श्टॉक इम आयझेन. मध्ययुगापासून त्यात इतके खिळे ठोकले गेले की लाकूड दिसेनासं झालं. गावातून जाणारे फिरस्ते लोहार एकेक खिळा ठोकून पुढे जात. शेजारच्या दुकानांत गर्दी असते आणि बुंध्याजवळ कुणी नसतं.

रेल्वेवाला

वाचनखूण साठवली. ‘काही टाकून न देणं’ हे अगदी पटलं, फक्त मी त्याची लोखंड-काँक्रीटची बाजू मांडतो.

झिमरिंग भागातले गॅसोमीटर. १८९६ ते १८९९ मध्ये बांधलेल्या चार प्रचंड विटांच्या गोल टाक्या, शहराचा दिव्यांचा गॅस साठवायला. नैसर्गिक वायू आल्यावर त्या निकामी झाल्या. दुसऱ्या कुठल्या शहराने पाडल्या असत्या. इथे बाहेरच्या भिंती ठेवल्या, आतलं सगळं काढलं आणि चार वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांना एकेक टाकी दिली. २००१ पासून आत घरं, दुकानं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. मेट्रोची यू-३ थेट दारात जाते. बाहेरून किल्ला आणि आत वर पाहिलं तर गोल आभाळ.

दुसरं, फ्लाकटुर्म. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी नाझी काळात बांधलेले सहा अजस्र मनोरे, दोन मीटरहून जाड काँक्रीटच्या भिंती. वस्तीच्या मधोमध असल्याने सुरुंग लावून उडवणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे अजून उभे आहेत. आउगार्टन बागेत दोन आहेत, खाली फुलांचे ताटवे, मुलं खेळतायत, आणि वर ही काळी भिंत. एस्टरहाझी बागेतल्या मनोऱ्यात मत्स्यालय केलंय, हाउस डेस मेरेस. लोक जिथे बॉम्बच्या भीतीने दाटीवाटीने बसले होते त्या भिंतींच्या आत आता शार्क फिरतात. गच्चीवरून शहर उत्तम दिसतं.

आणि तिसरं माझं सर्वांत लाडकं: श्पिटेलाउचा कचरा जाळण्याचा कारखाना. १९८७ साली त्याला आग लागली. पुन्हा बांधताना नगरपालिकेने चित्रकार हुंडर्टवासरला बोलावलं. त्याने धुराड्यावर सोनेरी गोळा बसवला, भिंतींवर वेडेवाकडे रंगीत चौकोन आणि टोप्यांसारखे आकार दिले, छपरावर झाडं लावली. १९९२ मध्ये काम पूर्ण झालं. शहरातला कचरा जाळून त्याच्या उष्णतेने साठ हजारांहून जास्त घरांत गरम पाणी आणि हीटिंग पोचतं. आपल्याकडे कचरा डेपो गावाबाहेर, नजरेआड आणि गरिबांच्या दारात. इथे तो रेल्वे स्टेशनला लागून, शहराच्या आत आहे, आणि लोक थांबून फोटो काढतात. आपल्या महापालिकांच्या अभ्यासदौऱ्यांनी इतर काही नाही पाहिलं तरी चालेल, हे बघावं. मनापासून सांगतो.

जाईजुई

मुलांबरोबर जाणाऱ्यांसाठी काही जागा सुचवते.

हेरेनगासंवरच्या मोलार्ड महालात पृथ्वीगोलांचं संग्रहालय आहे. फक्त पृथ्वीगोलांसाठी असलेलं जगातलं हे एकमेव सार्वजनिक संग्रहालय. दोनशेच्या वर गोल मांडलेत. पृथ्वीचे, आकाशातल्या ताऱ्यांचे, चंद्राचे, मंगळाचेसुद्धा. सर्वांत जुन्यांपैकी एक १५३६ च्या सुमाराचा आहे, गेमा फ्रिसियस या भूगोलतज्ज्ञाचा. आमच्या लेकीने प्रत्येक गोलावर हिंदुस्थान शोधायचा खेळ लावला. एका गोलावर द्वीपकल्प फारच निमुळतं, दुसऱ्यावर श्रीलंका फुगलेली. भूगोलाच्या पुस्तकातून जे कळत नाही ते तिला तिथे कळलं: नकाशा हा माणसाने हळूहळू, चुकतमाकत काढलेला असतो. त्याच इमारतीत एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचं संग्रहालय आहे, तेही छोटं आणि गोड.

दुसरं घड्याळांचं संग्रहालय, शुलहोफ नावाच्या बोळातल्या जुन्या घरात. तिथे काएतानो नावाच्या एका मठवासीयाने १७६९ मध्ये केलेलं खगोलीय घड्याळ आहे. त्यातल्या सर्वांत संथ काट्याला एक फेरी पुरी करायला २०,९०४ वर्षं लागतात. म्हणजे बसवल्यापासून तो जेमतेम हलला आहे. मुलांना म्हटलं, हा हलताना दिसतो का बघा. दोघंही बराच वेळ नाक काचेला लावून उभी.

आणि हिमगोल! आत पाणी आणि छोटं घर असलेला, हलवला की बर्फ पडणारा काचेचा गोळा. त्याचा हा कारखाना हेर्नाल्स भागात आहे. १९०० च्या सुमारास एर्विन पेर्झी हा शस्त्रक्रियेची उपकरणं करणारा कारागीर विजेच्या दिव्याचा उजेड वाढवायच्या खटपटीत होता. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात त्याने रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही, पण रवा हळूहळू खाली बसताना बर्फ पडल्यासारखं दिसलं. तिथून हा धंदा उभा राहिला, आणि आजही त्याच घराण्याकडे आहे. दुकानाला जोडून लहानसं संग्रहालय आहे.

दुपारी बाराला होहेर मार्क्टवर आंकर घड्याळाखाली उभे राहा. दोन इमारतींना जोडणाऱ्या कमानीवर ते आहे, १९११ ते १९१४ च्या दरम्यान बांधलेलं. एरवी तासाला एकच पुतळा सरकतो. बाराला मात्र सगळे बारा संगीतासह ओळीने जातात. पैसे पडत नाहीत.

अणुरेणू

मुख्य दफनभूमीचा विषय निघालाच आहे तर भौतिकशास्त्रवाल्यांसाठी. सगळे बेथोव्हन, शुबर्ट, ब्राह्म्स बघायला जातात. तिथून जवळच लुडविग बोल्ट्झमानची समाधी आहे. पांढऱ्या संगमरवरी अर्धपुतळ्याच्या वर त्याचं समीकरण कोरलंय, एन्ट्रॉपीचं. अणू खरंच अस्तित्वात असतात हे पटवून देण्यासाठी हा माणूस त्याच्या काळातल्या मोठमोठ्या विद्वानांशी भांडला. १९०६ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं, आणि पुढच्या काही वर्षांतच प्रयोगांनी त्याची बाजू खरी ठरवली. बीएस्सीला हे समीकरण आम्ही घोकलं होतं. दगडात कोरलेलं पाहिलं तेव्हा डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही.

परसबाग

त्याच दफनभूमीत हॅमस्टर आहेत! पाळीव नव्हेत, रानातले मोठे युरोपीय हॅमस्टर. ही जात आता जगभरात नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि इथे थडग्यांमधे बिळं करून राहते. थडग्यांवरच्या दिव्यांतलं मेण पळवतात, गाल फुगवून. हरणंही दिसतात. १८७४ मध्ये सुरू झालेली अडीच चौरस किलोमीटरची जागा आहे, इतकी मोठी की आत बस फिरते, त्यामुळे प्राण्यांना निवांतपणा आहे. तिथल्याच पोळ्यांचा मध संग्रहालयाच्या दुकानात मिळतो. मी घेतला होता, चव छान.

शाकाहारींसाठी: व्हिएन्नाच्या हद्दीत द्राक्षमळे आहेत, आणि मळेवाले स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकतात, त्या जागांना होयरिगर म्हणतात. वाइन घेत नसाल तरी जा. पाव, लिप्टाउअर नावाचं तिखटसर चीजचं चाटण, बटाट्याचं सॅलड, पालकाचे उकडलेले गोळे, एवढ्यावर पोट भरतं. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाने, नुसत्या उतारावरून शहरात येतं. बाटली भरून घ्या.

सांजवात

धागा आवडला, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी. ‘व्हिएन्ना काही टाकून देत नाही’ याची एक भयंकर बाजूही आहे.

श्टाइनहोफच्या टेकडीवर ओटो वाग्नरने बांधलेलं सोनेरी घुमटाचं चर्च आहे, १९०७ सालचं. वास्तुकलेची आवड असलेले सगळे तिथे जातात, आणि जावंच. ते मनोरुग्णालयाच्या आवारात आहे. १९४० ते १९४५ या काळात त्याच आवारातल्या ‘आम श्पीगलग्रुंड’ नावाच्या विभागात जवळपास ८०० आजारी, अपंग किंवा ‘निरुपयोगी’ ठरवलेली मुलं नाझी डॉक्टरांच्या हाती मेली. त्यांचे मेंदू बरण्यांत ठेवले गेले, आणि युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं त्यांच्यावर संशोधन चालू राहिलं. २००२ मध्ये हे अवशेष मुख्य दफनभूमीत पुरण्यात आले. आवारात आता एक स्मारक आहे: हिरवळीवर ओळीने उभे प्रकाशखांब, एकेका मुलासाठी.

म्हणून नारेनटुर्मसारख्या जागी जाताना मला प्रश्न पडतो. ज्यांचे सांगाडे आपण तिकीट काढून बघतो, त्यांना कुणी विचारलं होतं का? संग्रह बंद करा असं माझं म्हणणं नाही. मीही वैद्यकीय क्षेत्रात आहे, अशा संग्रहांतूनच आम्ही शिकलो. पण तिथे हसत सेल्फी काढणारे बघितले की फार वाईट वाटतं.

पाऊलवाट

सांजवात, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मूळ लेखात हे यायला हवं होतं. चर्च बघायला जाणाऱ्यांनी त्या प्रकाशखांबांपाशी थांबूनच यावं.

तुमच्या प्रश्नावरून आणखी एक जागा आठवली, जिथे उलट घडलं. शहराच्या पार टोकाला, आल्बर्न बंदराजवळ निनावी माणसांची दफनभूमी आहे, फ्रीडहोफ डेर नामेनलोझन. डॅन्यूबच्या प्रवाहाचा भोवरा तिथे होता. वर कुठेतरी बुडालेली, ढकललेली किंवा उडी घेतलेली माणसं वाहत येऊन तिथे लागत. कोळी आणि गावकरी त्यांना काढून पुरत. आधीची जुनी दफनभूमी पुरात गेली, मग १९०० मध्ये बांधाच्या आतल्या बाजूला नवी केली. १९४० पर्यंत तिथे १०४ माणसं पुरली गेली. बंदर झालं, प्रवाह बदलला आणि देह येणं थांबलं. काळे लोखंडी क्रूस, त्यावर चंदेरी ख्रिस्त, आणि पाटीवर नुसतं ‘नामेनलोझ’. कुणाला कधी ओळख मिळाली तिथे नाव आहे. कित्येक कबरींवर ताजी फुलं, खेळणी ठेवलेली असतात. नातेवाईक नाहीत, तरी कुणीतरी ठेवतं. आजूबाजूला धान्याच्या कोठारांच्या उंच इमारती, म्हणजे देखणं असं काहीच नाही. नोव्हेंबरमध्ये ऑल सेंट्स या सर्व संतांच्या सणानंतरच्या रविवारी तिथले मच्छीमार फुलांनी सजवलेला तराफा नदीत सोडतात, बुडालेल्यांसाठी. व्हिएन्नात मी पाहिलेल्या जागांमधली ही सर्वांत माणुसकीची जागा आहे.

पोथीनिष्ठ

आपल्या लोकांसाठी एक धागा जोडतो. व्हिएन्ना विद्यापीठात १८८१ पासून गेओर्ग ब्यूलर संस्कृतचे प्राध्यापक होते. त्याआधीची सतरा वर्षं त्यांनी आपल्याकडे काढली. १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला आले, पुढे शिक्षणखात्यात गेले, आणि गावोगाव फिरून सरकारसाठी हस्तलिखितं जमवली. त्यांतल्या कितीतरी पोथ्या आज पुण्यात भांडारकर संस्थेत आहेत. आणि ज्यांचं नाव त्या संस्थेला आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ मध्ये प्राच्यविद्या परिषदेसाठी स्वतः व्हिएन्नाला गेले होते. ब्यूलर १८९८ मध्ये बोडनझे सरोवरात नाव उलटून बुडाले.

विद्यापीठाची मुख्य इमारत १८८४ ची, जुन्या शहराभोवतीच्या रिंग या गोल रस्त्यावर. तिच्या आतल्या चौकात, कमानींखाली, प्राध्यापकांचे दीडशेच्या वर पुतळे आहेत. आत कुणीही जाऊ शकतं. चौकात आरामखुर्च्या टाकलेल्या असतात, विद्यार्थी वाचत पडलेले असतात. रिंगवरून ट्रामने जाणारे शेकडो पर्यटक ही इमारत बाहेरूनच बघतात. भांडारकर आले तेव्हा ही इमारत दोनच वर्षांची होती. संस्कृत शिकलेल्या कुणीही तिथे घटकाभर बसावं असं मला वाटतं.

रेल्वेवाला

पोथीनिष्ठ, हे माहीत नव्हतं. धन्यवाद! पुढच्या खेपेला नक्की.

प्राटर बागेतलं कुगलमुगल राहिलं. एडविन लिपबुर्गर या कलाकाराने लाकडाचं चेंडूसारखं गोल घर बांधलं. बांधकामाच्या परवानगीवरून अधिकाऱ्यांशी वाजलं, तेव्हा १९७६ मध्ये त्याने घराला स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. स्वतःचे शिक्के काढले, कर भरायला नकार दिला, तुरुंगातही गेला. शेवटी १९८२ मध्ये घर उचलून प्राटरमध्ये आणून ठेवलं. भोवती काटेरी तारेचं कुंपण आहे. प्राटरमधल्या मोठ्या आकाशपाळण्यापासून चालत जाता येतं. तो पाळणा १८९७ चा, १९४४ मध्ये जळाला, आणि पुन्हा उभारताना तीसपैकी पंधराच डबे लावले. म्हणून डब्यांमध्ये एवढी अंतरं दिसतात.

जाईजुई

वोट्रुबा चर्च कुणीच लिहिलं नाही? शहराच्या दक्षिण टोकाला टेकडीवर, १५२ काँक्रीटचे ठोकळे एकमेकांवर रचलेले, ठोकळ्यांच्या मधे काच. शिल्पकार फ्रित्झ वोट्रुबाची कल्पना. १९७६ मध्ये पूर्ण झालं, तो आदल्या वर्षीच गेला. बाहेरून अवजड वाटतं, आत मात्र चारी बाजूंनी उजेड येतो. बस आणि थोडी चढण आहे.

निळी शाई

पाऊलवाट, माझा विरोध बराच मावळलाय. :) पुढच्या जूनमध्ये जातोय. सासूबाई, मी आणि नवरा. एकच दिवस मोकळा आहे. गुडघ्यांमुळे सासूबाईंना फार चालवत नाही. काय करू?

पाऊलवाट

निळी शाई, एक दिवस असेल तर असं करा. सकाळी स्टेफान्सडोमच्या दारातल्या त्या लोखंडी पट्ट्या, समोरचा खिळ्यांचा बुंधा, मग कापुत्सिनरचं तळघर. हे सगळं सपाटीवर आहे, आणि मधे बसायला कॉफीहाउस आहेत. तिथे एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. बारा वाजता आंकर घड्याळ, चर्चपासून पाच मिनिटांवर.

दुपारी श्वार्त्सेनबेर्गप्लात्झहून ७१ नंबरची ट्राम. या ट्रामला गावात वेगळंच स्थान आहे. १९१८ च्या साथीत हिच्यातून प्रेतं न्यायचे, आणि कुणी वारलं तर ‘त्याने ७१ पकडली’ असं आजही म्हणतात. वाटेत सांक्ट मार्क्सला उतरलात तर जुनी दफनभूमी आहे, १७८४ ते १८७४ मधली. मोझार्टला १७९१ मध्ये तिथेच पुरलं. गरिबांच्या सामाईक खड्ड्यात टाकलं ही दंतकथा. साधी, त्या काळच्या नियमाप्रमाणे काही वर्षांनी पुन्हा वापरली जाणारी कबर होती. म्हणून नेमकी जागा हरवली. आता अंदाजाने एक खांब आणि खिन्न बसलेला देवदूत आहे. एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये लायलॅक फुलतो तेव्हा पूर्ण आवार जांभळं असतं. तुम्ही जूनमध्ये जाताय म्हणजे तो बहर गेलेला असेल. शिवाय ट्रामच्या थांब्यापासून चालावं लागतं. त्यामुळे सासूबाईंना दमवू नका, थेट मुख्य दफनभूमी गाठा.

ट्रामचा चोवीस तासांचा पास काढा, सगळ्या वाहनांना चालतो. पहिल्यांदा वापरताना यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, तपासनीस साध्या कपड्यांत असतात. आणि थांबा नीट बघा. ‘त्सेंट्रालफ्रीडहोफ’ (म्हणजे मुख्य दफनभूमी) नावाचे एकाहून जास्त थांबे आहेत. टोर म्हणजे दरवाजा. टोर १ ला जुना ज्यू विभाग आहे. तिथे वेलींनी झाकलेल्या कबरी आहेत, तोही सुंदर, पण रस्ता ओबडधोबड. तुम्ही टोर २ ला उतरा. अंत्यविधी संग्रहालय तिथेच, संगीतकार आणि अणुरेणूंचा बोल्ट्झमान आतल्या मुख्य रस्त्याच्या आसपास, आणि आतल्या बसचा थांबाही दारापाशीच.